जुन्या फियाटचे दुखणे : भाग बदलण्याआधी कारण शोधा

मुंबईच्या रस्त्यांवरून काळ्या-पिवळ्या 'पद्मिनी' टॅक्सीने ३० ऑक्टोबर २०२३ रोजी निरोप घेतला. त्या दिवशी अनेकांना आपापल्या घरची, सोसायटीच्या आवारात ताडपत्रीखाली उभी असलेली जुनी फियाट आठवली असेल. आमच्याही आवारात अशी एक गाडी होती. वडिलांनी १९७५ साली घेतलेली आणि अकरा वर्षे जागची न हललेली. सोसायटीने गाडी हलवण्याची लेखी सूचना दिली आणि दोनच पर्याय उरले. भंगारवाल्याला बोलवायचे किंवा गाडी स्वतःच्या चाकांवर फाटकाबाहेर न्यायची. वडिलांनी ऐंशी ओलांडली आहे. भंगारवाल्याचा विषय त्यांच्यासमोर काढण्याचे धैर्य घरात कोणाकडेही नव्हते.

कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात तयार होणारी ही गाडी मुळात इटलीतील फियाट ११०० या मोटारीचे भारतीय रूप. १९७४ पासून ती 'पद्मिनी' या नावाने विकली जाऊ लागली. चार सिलिंडर, १०८९ घनसेंटिमीटर क्षमतेचे इंजिन, एक कार्बोरेटर आणि मागच्या चाकांना गती अशी तिची सुटसुटीत रचना. या इंजिनात ना संगणक, ना सेन्सर. त्यामुळे अशा गाडीचा बिघाड शोधणे सोपे असावे, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात मात्र जुन्या गाडीच्या पुनरुज्जीवनात सर्वाधिक पैसा आणि उमेद खर्ची पडते ती एकाच चुकीपायी. कारण न शोधता भाग बदलत जाणे, ही ती चूक.

आमचेही तेच झाले. डेंटिंग-पेंटिंग झाले, नवी कॉइल, नवे प्लग, नवा कंडेन्सर आणि कार्बोरेटरचा नवा संच बसला. गाडी सुरू झाली, पण पंधरा-वीस मिनिटांत बंद पडू लागली. अर्धा तास थांबले की पुन्हा चालू. गरम असताना सेल्फ कण्हत फिरे. ज्या गॅरेजमध्ये काम झाले तेथे उत्तर ठरलेले होते, 'कार्बोरेटरच बदलून टाकू.' पुढे एका वृद्ध मेस्त्रींनी साधा टेस्ट लॅम्प आणि मल्टिमीटर एवढ्याच आयुधांनी दोन तासांत दोन वेगळे दोष काढून दाखवले. त्यांनी ज्या क्रमाने विचार केला, तो क्रम जुन्या मोटारीच्या प्रत्येक मालकाने समजून घ्यावा असा आहे.

इंजिनाच्या तीन गरजा

पेट्रोलवर चालणाऱ्या कोणत्याही जुन्या इंजिनाला तीन गोष्टी लागतात. हवा व पेट्रोल यांचे योग्य मिश्रण, ते दाबून धरणारे सिलिंडर आणि नेमक्या क्षणी पडणारी ठिणगी. इंजिन चालत नसेल तर या तिघांपैकी किमान एक गोष्ट हरवलेली असते. म्हणून पहिला प्रश्न 'कोणता भाग खराब आहे' हा नसून 'तिघांपैकी काय नाही' हा असावा. त्याचे उत्तर मिळाले की शोधाचे क्षेत्र एका फटक्यात दोन-तृतीयांशाने आक्रसते.

दुसरा नियम असा की, बिघाड उपस्थित असतानाच त्याची तपासणी करावी. गरम झाल्यावर बंद पडणारी गाडी थंड असताना तपासून काहीही हाती लागत नाही. मेस्त्रींनी आमची गाडी मुद्दाम चालवून बंद पाडली आणि ती बंद पडताच बॉनेट उघडले. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल होते. अॅक्सिलरेटरची दांडी हलवताच आत बारीक धार दिसत होती. मग एक जादा प्लग मुख्य वायरीला लावून त्याचे धातूचे अंग इंजिनाला टेकवले आणि सेल्फ मारायला सांगितले. ठिणगी नव्हती. एका मिनिटात कार्बोरेटर निर्दोष सुटला. ही चाचणी करताना आसपास सांडलेले पेट्रोल किंवा त्याची वाफ नाही, याची खात्री आधी करून घ्यावी.

ठिणगी कुठे हरवते?

या गाड्यांत ठिणगी निर्माण करण्याची रीत अशी. बॅटरीचा प्रवाह कॉइलच्या प्राथमिक वेटोळ्यातून डिस्ट्रिब्युटरमधील पॉइंटकडे जातो. पॉइंट मिटलेले असताना कॉइलमध्ये चुंबकीय क्षेत्र तयार होते. पॉइंट उघडताच ते कोसळते आणि दुय्यम वेटोळ्यात हजारो व्होल्टचा दाब उत्पन्न होतो. तोच प्लगपर्यंत पोहोचून ठिणगी पाडतो. पॉइंट उघडताना त्यांच्यामध्येच ठिणगी पडून ते जळू नयेत आणि चुंबकीय क्षेत्र झटक्यात कोसळावे, यासाठी बोटाच्या पेराएवढा एक कंडेन्सर तेथे असतो.

मेस्त्रींनी टेस्ट लॅम्पचे एक टोक कॉइलच्या पॉइंटकडील बाजूला आणि दुसरे इंजिनाला लावले. सारे ठीक असते तर सेल्फ मारताना पॉइंटच्या उघडझापीबरोबर दिवा लुकलुकला असता. तो लागलाच नाही. याचे अर्थ दोनच. कॉइलपर्यंत वीज येत नाही किंवा पलीकडची बाजू कायमची धातूला चिकटली आहे. कॉइलच्या येणाऱ्या बाजूला दिवा लख्ख लागला, म्हणजे वीज येत होती. मग कंडेन्सरची वायर सोडवली आणि दिवा तत्काळ लुकलुकू लागला. नवा कोरा कंडेन्सर गरम झाला की आतल्या आत शॉर्ट होत होता. थंड झाल्यावर तो पुन्हा शहाण्यासारखा वागे. आम्ही जपून ठेवलेला जुना कंडेन्सर बसवला आणि गाडी सुरू झाली.

यातून दोन धडे मिळाले. नवा भाग निर्दोष असतोच असे नाही. त्यामुळे नुकताच बदललेला भाग संशयितांच्या यादीतून वगळू नये, उलट त्याला यादीत वर ठेवावे. दुसरे असे की, काढलेला जुना भाग गाडी नीट चालेपर्यंत फेकू नये. पॉइंट तपासताना त्यांवर निळसर जळका थर किंवा एका बाजूला उंचवटा व दुसऱ्या बाजूला खड्डा दिसला, तर कंडेन्सरकडेही संशयाने पाहावे. पॉइंटमधील अंतर साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या आत असते. नेमका आकडा आपल्या गाडीच्या पुस्तिकेतूनच घ्यावा. हे अंतर बदलले की ठिणगीची वेळही बदलते, म्हणून आधी अंतर आणि नंतर टायमिंग हाच क्रम ठेवावा.

रंगाखाली दडलेला दोष

दुसरा दोष अधिक फसवा होता. सेल्फ कण्हत फिरे, म्हणून आम्ही बॅटरी बदलली होती. फरक पडला नाही. मेस्त्रींनी सेल्फ मारत असताना चोकच्या तारेला हात लावायला सांगितले. तार चटका बसण्याइतकी तापली होती. विजेशी काडीचाही संबंध नसलेली तार का तापावी?

मोटारीत प्रत्येक दिव्याला किंवा यंत्राला जाणारी वायर एकच असते. परतीचा मार्ग म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा. यालाच आपण 'अर्थ' म्हणतो. इंजिन मात्र रबराच्या बैठकींवर बसलेले असते आणि रबरातून वीज वाहत नाही. म्हणून इंजिन आणि सांगाडा यांना जोडणारी जाड विणलेली पट्टी दिलेली असते. आमच्या गाडीला रंग देताना ही पट्टी काढली गेली आणि नंतर चकचकीत रंगाच्या थरावरच पुन्हा आवळली गेली. रंग वीज जाऊ देत नाही. बोल्टच्या आट्यांतून जेमतेम संपर्क उरला होता. सेल्फचा प्रचंड प्रवाह मग मिळेल त्या वाटेने, म्हणजे चोक व अॅक्सिलरेटरच्या तारांतून परतत होता.

अशा दोषाचा शोध ओहम मोजून लागत नाही. सेल्फ १५० अँपिअर प्रवाह खेचत असेल आणि जोडात ०.०२ ओहम एवढाच अडथळा असेल, तरी तेथे ३ व्होल्ट वाया जातात. बारा व्होल्टच्या गाडीत ही एक-चतुर्थांश लूट झाली. साधा मीटर मात्र ०.०२ ओहमला शून्यच समजतो. म्हणून प्रवाह वाहत असताना व्होल्ट मोजावेत. मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण खुंटीवर आणि दुसरे इंजिनाच्या उघड्या धातूवर ठेवून सेल्फ मारावा. आकडा अर्ध्या व्होल्टच्या आत असावा. आमच्या मीटरवर तो तीनच्या वर गेला. पट्टीखालचा रंग खरवडून, धातू चमकवून आणि वरून ग्रीसचा हात फिरवून ती आवळली, तेव्हा सेल्फ तरुणासारखा फिरला. या कामाला खर्च आला तो एका पॉलिश पेपरचा.

खराब अर्थची आणखी एक ओळखण्याजोगी खूण आहे. ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद पेटणे किंवा इंडिकेटरबरोबर मागचा दिवाही उघडझाप करणे, असा विचित्र प्रकार दिसला की त्या दिव्याच्या बैठकीचा अर्थ आधी साफ करावा. मात्र पुनरुज्जीवनासाठी आणलेली गाडी ब्रिटिश बनावटीची असेल, तर बॅटरी जोडण्यापूर्वीच सावध असावे. त्यांपैकी अनेक जुन्या गाड्यांत धन टोक सांगाड्याला जोडलेले असते.

बॅटरी, डायनॅमो आणि आगीची भीती

भरलेल्या बॅटरीवर विश्रांतीच्या स्थितीत सुमारे १२.६ व्होल्ट दिसतात. सेल्फ मारताना हा आकडा साडेनऊच्या खाली गेला, तर बॅटरी थकली आहे किंवा सेल्फ प्रमाणाबाहेर प्रवाह ओढतो आहे. इंजिनाचा वेग वाढवल्यावर साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले तर चार्जिंग ठीक आहे. अल्टरनेटरऐवजी डायनॅमो असलेली गाडी मंद गतीवर फारसे चार्जिंग करीत नाही. तो दोष नव्हे, त्या यंत्राचा स्वभाव आहे. अशा गाडीवर प्रखर हॅलोजन, मोठी संगीतयंत्रणा आणि एअर कंडिशनर यांचा बोजा टाकला, की वाहतुकीच्या कोंडीत बॅटरी उतरणारच.

रात्रभरात बॅटरी उतरत असेल तर सर्व स्विच बंद करून ऋण खुंटीची केबल सोडावी आणि खुंटी व केबल यांच्यामध्ये टेस्ट लॅम्प लावावा. दिवा पेटला, तर कोठेतरी वीज झिरपते आहे. एकेक फ्यूज काढत जावे. ज्या फ्यूजला दिवा विझेल, त्या मार्गावर चोर आहे. कोणताही फ्यूज काढून दिवा विझला नाही, तर फ्यूजबाहेरून गेलेल्या वायरी आणि डायनॅमोचा कट-आउट तपासावा.

येथे एका घातक सवयीचा उल्लेख केलाच पाहिजे. फ्यूज उडाला की त्या जागी सिगारेटच्या पाकिटातील चांदी गुंडाळण्याची क्लृप्ती एके काळी सर्रास वापरली जाई. फ्यूज हा गाडीतील सर्वांत स्वस्त पहारेकरी आहे. त्याला झोपवले की जळते ती वायर. चार-पाच दशकांपूर्वीच्या वायरींचे आवरण कडक होऊन तडकलेले असते, त्यात उंदरांनी कुरतडलेले भाग असतात आणि शेजारून पेट्रोलची नळी गेलेली असते. आवरण वाकवताच तडकत असेल तर तुकडे जोडण्याच्या फंदात न पडता वायरिंगचा पूर्ण संच बदलावा. काम सुरू करण्याआधी बॅटरीची केबल सोडावी आणि अग्निशामक नळकांडे हाताशी ठेवावे.

पेट्रोलची वाट

वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या गाडीच्या टाकीत गंज आणि डिंकासारखा चिकट गाळ साचतो. टाकी न धुता कार्बोरेटर साफ करणे म्हणजे विहीर न उपसता घागर घासणे. दहा किलोमीटरमध्ये जेट पुन्हा तुंबतात. टाकी, नळ्या, पंप, कार्बोरेटर हाच साफसफाईचा क्रम.

या गाडीचा पेट्रोल पंप इंजिनाच्या अंगावर बसवलेला असून आतील पडदा खालीवर होऊन पेट्रोल खेचतो. हा पडदा फाटला तर पेट्रोल थेट इंजिनाच्या ऑइलमध्ये उतरू शकते. डिपस्टिकला पेट्रोलचा वास आला किंवा ऑइलची पातळी आपोआप वाढलेली दिसली, तर गाडी सुरू करू नये. पातळ झालेले ऑइल बेअरिंग खाऊन टाकते.

मे महिन्यात खंडाळ्याच्या घाटात पंपावर ओले फडके टाकून उभ्या असलेल्या फियाट ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना 'व्हेपर लॉक' समजावून सांगावे लागणार नाही. उष्णतेने नळीतच पेट्रोलची वाफ होते आणि पंपाला वाफ खेचता येत नाही. नळी एक्झॉस्टपासून दूर नेणे आणि मूळची उष्णतारोधक पट्टी जागेवर असणे हा त्यावरचा खरा उपाय, फडके हा तात्पुरता.

यात आता इथेनॉलची भर पडली आहे. २०२५ पर्यंत देशभर २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोल रुळले. जुन्या गाड्यांतील रबरी नळ्या, पंपाचे पडदे व गॅस्केट या मिश्रणासाठी बनवलेलेच नव्हते. ते फुगतात, मऊ पडतात, नंतर तडकतात. इथेनॉल हवेतील ओलावाही शोषते, त्यामुळे उभ्या गाडीच्या टाकीत गंजाला निमंत्रण मिळते. म्हणून पुनरुज्जीवन करताना इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या व पडदे वापरावेत आणि गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल, तर कार्बोरेटर रिकामा ठेवावा.

मिश्रणाचा हालहवाल प्लग सांगतो. टोक बिस्किटी रंगाचे असेल तर उत्तम. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, पांढुरके टोक म्हणजे पेट्रोल कमी किंवा उष्णता जास्त, आणि तेलकट काळे टोक म्हणजे इंजिनच ऑइल पीत आहे.

इंजिनाच्या पोटात

अनेक वर्षे बंद असलेल्या इंजिनाला पहिल्याच दिवशी सेल्फ मारणे हा आततायीपणा आहे. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडावे, एक-दोन दिवस थांबावे आणि इंजिन हाताने फिरवून पाहावे. ते मोकळे फिरले तरच पुढची पायरी.

कॉम्प्रेशन मोजताना चारही प्लग काढावेत, ठिणगीचा मार्ग तोडावा आणि अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून ठेवावा. चारही आकडे एकमेकांच्या जवळ असणे महत्त्वाचे. एखादा फारच कमी आला तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजावे. आकडा वाढला तर रिंगा झिजल्या आहेत. वाढला नाही तर व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत. शेजारचे दोन सिलिंडर एकत्र कमी आले तर दोघांमधील हेड गॅस्केट फुटल्याची शक्यता मोठी. रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येणे किंवा ऑइल दुधाळ होणे या त्याच दुखण्याच्या खुणा. रेडिएटरचे झाकण मात्र इंजिन थंड झाल्याशिवाय कधीही उघडू नये.

आणखी एक कालबद्ध मुद्दा. १ फेब्रुवारी २००० पासून देशात शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले. ते आरोग्याच्या दृष्टीने योग्यच झाले, परंतु जुन्या इंजिनांत शिशामुळे एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठकींना संरक्षण मिळत असे. टॅपेटमधील फट वारंवार कमी होत असेल, तर बैठका झिजत आहेत असे समजावे. हेड उघडलेच असेल तर कठीण धातूच्या बैठका बसवून घेणे शहाणपणाचे.

धावण्याआधी थांबता यावे

इंजिन सुरू झाल्याच्या आनंदात ब्रेक विसरले जातात. ब्रेक ऑइल पाणी शोषते आणि उभ्या गाडीच्या चाकांतील सिलिंडर आतून गंजून अडकतात. रबरी नळी बाहेरून धडधाकट दिसते, पण आतून सुजते. ब्रेक दाबल्यावर ऑइल जाते, सोडल्यावर परतत नाही आणि चाक आवळलेलेच राहते. गाडी ब्रेक मारताना एका बाजूला ओढत असेल किंवा थोड्या फेरीनंतर एकच चाक तापत असेल, तर ही नळी संशयित मानावी. त्या काळच्या अनेक गाड्यांत चारही चाकांचे ब्रेक एकाच मार्गावर असत. एक नळी फुटली की सारेच ब्रेक गेले. म्हणून नळ्या व रबरी वॉशर दिसायला चांगले असले तरी सर्वच बदलावेत. 'कारण शोधल्याशिवाय भाग बदलू नका' या नियमाला हा एकमेव अपवाद.

कागदपत्रांची बाजूही पाहावी. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये पन्नास वर्षांपेक्षा जुन्या, मूळ रूप राखलेल्या खासगी गाड्यांसाठी 'व्हीए' ही स्वतंत्र नोंदणी मालिका आणली. ही नोंदणी दहा वर्षांसाठी असते. मात्र अशी गाडी रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी चालवता येत नाही. १९७४-७५ च्या पद्मिनी आता या वयात पोहोचल्या आहेत. मूळ रूपात मोठे फेरफार करण्याआधी मालकांनी हा विचार जरूर करावा.

आमच्या मेस्त्रींनी निघताना एक वही ठेवायला सांगितले. तारीख, लक्षण, केलेली चाचणी, आलेला आकडा आणि एका वेळी केलेला एकच बदल. दोन बदल एकदम केले तर गाडी कशाने सुधारली ते कळत नाही, आणि पुढच्या वेळी सारे पुन्हा पहिल्यापासून करावे लागते. हे ज्ञान आजवर मेस्त्रींच्या हातांत राहिले. टॅक्सी गेल्या, तशी या हातांची कामेही गेली. ते कागदावर उतरले नाही, तर सुटे भाग मिळूनही गाड्या उभ्याच राहतील.

सूचनेची मुदत संपण्याच्या चार दिवस आधी गाडी स्वतःच्या चाकांवर फाटकाबाहेर पडली. वडील शेजारच्या आसनावर बसले होते. पहिल्या वळणावर त्यांनी एवढेच विचारले, "टेंपरेचरचा काटा कुठे आहे?" काटा मधोमध होता. त्याच रात्री त्यांनी वहीत पहिली नोंद स्वतःच्या हाताने केली.